पंधरा वर्षांची डिटेक्टिव्ह आणि तुमची पहिली रहस्यकादंबरी

किशोरांसाठी रहस्यकादंबरी लिहायला घेणारे बरेच जण पहिल्या पानावरच आपली डिटेक्टिव्ह किती हुशार आहे ते सांगून टाकतात. ती बुद्धिबळात पहिली येते, तिची स्मरणशक्ती अफाट आहे, चपलांवरच्या चिखलावरून ती माणूस कुठून आला ते ओळखते. पाच-सात प्रकरणांनंतर अशी कादंबरी अडते. इतक्या हुशार मुलीला अडवणार कोण, हेच लेखकाला सुचत नाही.

मला उलटी वाट जास्त भरवशाची वाटते. पंधरा वर्षांच्या मुलीला काय काय करता येत नाही, ते आधी लिहून काढा. तिला गाडी चालवता येत नाही. रात्री साडेआठनंतर बाहेर राहता येत नाही. कुणाला चौकशीला बोलावता येत नाही, कुणाचे फोन रेकॉर्ड मागवता येत नाहीत. शनिवारी क्लास असतो, सहामाही जवळ आलेली असते, आणि मोठी माणसं तिच्यासमोर विषय बदलतात. कादंबरीचं इंजिन या नकारांत आहे. मोठ्यांच्या रहस्यकथेत तपास करणाऱ्यासमोर दारं उघडतात. इथे ती बंद होतात आणि डिटेक्टिव्हला खिडकी शोधावी लागते. ती खिडकी कोणती, हे पक्कं झालं की निम्मं काम झालं.

पुढच्या पायऱ्या नीट कळाव्यात म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतो. गाव खरं आहे: सातारा जिल्ह्यातलं वाई. माणसं आणि गुन्हा काल्पनिक. नववीतली वैजू, तिची आजी, डबे करून देणारी आई, शेजारच्या मेणवलीहून एसटीने शाळेत येणारा समीर, आणि एका जुन्या वाड्यातून गायब झालेला मोडी कागदांचा रुमाल. मोडी ही मराठी लिहायची जुनी लिपी, आणि रुमाल म्हणजे जुनी कागदपत्रं कापडात बांधून केलेलं गाठोडं.

पहिली पायरी: गुन्हा आधी, तोही गुन्हेगाराच्या बाजूने

पहिलं प्रकरण लिहू नका. दोन-तीन पानांची एक ‘सत्याची वही’ करा. तिच्यात वैजूचं नावही नको. खरोखर काय घडलं ते तारीख-वारानिशी, गुन्हेगाराच्या नजरेतून लिहा.

आमच्या उदाहरणात वाडा विकायला निघालाय, आणि त्याच्याबरोबर मेणवलीच्या वाटेवरची एक शेतजमीनही. मालक पुण्यात असतात. त्यांच्या वतीने व्यवहार बघतात चुलतभाऊ विनायकराव. वाड्याची राखण पिढ्यान्‌पिढ्या दौलतकाकांच्या घराकडे आहे. जुन्या रुमालात एक मोडी कागद आहे. त्यात ती शेतजमीन दौलतकाकांच्या पूर्वजांना चाकरीबद्दल दिल्याची नोंद आहे. विनायकरावांना तो कागद नको आहे. ते रुमाल उचलतात आणि संशय दौलतकाकांवरच जाईल अशी सोय करतात. मुलीच्या लग्नासाठी विनायकरावांकडून पैसे उसने घेतलेले सदूभाऊ खोटी साक्ष द्यायला तयार होतात.

इतका जुना कागद आज न्यायालयात कितपत टिकेल, हा वकिलांचा प्रश्न. कादंबरीत तो हेतू दाखवतो, आणि तेवढं पुरे. हेतू मात्र मुलांना कळणारा हवा: भीती, लाज, कर्ज, मत्सर, जमीन. करचुकवेगिरीच्या सात कंपन्यांचं जाळं तेरा वर्षांच्या वाचकाला कंटाळा आणेल.

खून हवाच का? मुळीच नाही. किशोरांच्या रहस्यकथेत सगळ्यात ताकदीचा गुन्हा म्हणजे निरपराध आणि आवडत्या माणसावर आलेला आळ. मुलांना अन्याय फार लवकर कळतो आणि फार खोल लागतो. वर्गात न केलेल्या गोष्टीची शिक्षा बहुतेकांनी कधी ना कधी भोगलेली असते. दौलतकाकांवर चोरीचा शिक्का बसला की वाचक वैजूच्या बाजूने उभा राहतो. त्यासाठी प्रेत लागत नाही.

सत्याच्या वहीत एक रकाना ‘गुन्हेगाराच्या हातून काय निसटलं’ यासाठी ठेवा. पुढे सुगावे इथूनच येतील.

दुसरी पायरी: डिटेक्टिव्हला पाय द्या

प्रश्न असा: ही मुलगी इतक्या ठिकाणी पोचते कशी? योगायोगाने पोचली तर वाचक एकदा माफ करतो, दुसऱ्यांदा करत नाही. तिला असं एखादं काम द्या की गावातली दारं रोज आपोआप उघडतील.

वैजू आईचे डबे सायकलवरून पोचवते. वाड्यावर दौलतकाकांना, तहसील कचेरीत एका कारकुनाला, पोलीस ठाण्यात रात्रपाळीच्या हवालदाराला, आणि निवृत्त मोडीच्या सरांना. डबा देणाऱ्या मुलीकडे कुणाचं लक्ष नसतं. तिच्यासमोर फोनवर बोलणं चालू राहतं. डबा परत आला की कोण जेवलं नाही हे तिला कळतं. कुणाच्या घरी अचानक दोन डबे जास्त लागले, हेही तिलाच आधी कळतं. तुमच्या गावात हेच काम पेपर टाकणारा मुलगा, पिठाच्या गिरणीवर बसणारी मुलगी किंवा मंडपवाल्याचा पोरगा करू शकेल. त्या कामाचं वेळापत्रक मात्र तुम्हाला तोंडपाठ हवं.

लांबच्या प्रवासाचंही बघा. महाराष्ट्रात 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. ग्रामीण भागातल्या विद्यार्थिनींना शाळेसाठी मोफत पासही मिळतो. म्हणजे वैजू एकटी साताऱ्याला जाऊन येऊ शकते, खिशातल्या पैशांत. पण परतीची बस चुकली तर घरी काय सांगायचं? या एका प्रश्नावर अख्खं प्रकरण उभं राहतं.

डिटेक्टिव्हला एक खास ज्ञानही द्या, एकच, आणि ते तिच्या घरातून किंवा आवडीतून आलेलं असू द्या. वैजू मोडी शिकतेय, कारण डबा द्यायला गेली की सर तिला थांबवून एक ओळ वाचायला लावतात. शिकतेय, म्हणजे अजून तिला नीट येत नाही. अर्धवट येणारं ज्ञान कथेत फार कामाचं असतं. ती कागद चुकीचा वाचेल, चुकीच्या माणसावर संशय घेईल, आणि मग ते निस्तरेल.

सोबतीला मित्र हवा, पण तो डिटेक्टिव्हचं कौतुक करायला नको. समीरची वैजूशी खरी मतभेदाची जागा असू द्या. त्याचे वडील सदूभाऊंकडे कामाला आहेत. सदूभाऊ खोटं बोलतात असं वैजू म्हणाली, तर त्याच्या घराच्या चुलीवर परिणाम होतो. अशी गाठ असली की मैत्रीचं प्रकरण तपासाच्या प्रकरणाइतकंच ओढ लावतं.

तिसरी पायरी: गाव आधी पायाखालून घाला

शक्यतो खरं गाव घ्या. वाईत कृष्णेवरचे घाट आहेत, ढोल्या गणपती आहे, विश्वकोशाची कचेरी आहे, वर पसरणीचा घाट चढून पाचगणी आहे. वरच्या अंगाला धोम धरण आहे, तिथून पाणी सोडलं की घाटाच्या खालच्या पायऱ्यांपर्यंत नदी चढते. ही प्रत्येक गोष्ट कथेत कामाला लावता येते. मोठ्या कागदावर नकाशा काढा, दोन जागांमध्ये सायकलला किती मिनिटं लागतात ते लिहा, आणि कादंबरीभर ती मिनिटं पाळा. वाचकातली काही मुलं ती मोजतात, आणि त्यांना जिंकणं महत्त्वाचं आहे.

जमिनीचा विषय असेल तर कागदांची माहिती करून घ्या, मराठी रहस्यकथेसाठी ही खाणच आहे. सातबारा म्हणजे गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12 एकत्र: सातमध्ये मालकी आणि हक्क, बारामध्ये पिकं. मालकी बदलली की फेरफार होतो, त्याची नोंद गाव नमुना 6 मध्ये. गावठाणात सिटी सर्व्हे झालेला असेल तर वाड्याला सातबारा नसतो, मिळकत पत्रिका असते. नवखे लेखक इथे हमखास गोंधळतात. सही नसलेला सातबारा शासनाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येतो. म्हणजे शाळेच्या संगणक कक्षात बसून वैजू त्या शेताची सध्याची मालकी पाहू शकते, आणि हे तिने कायद्याच्या आत राहून केलेलं असतं.

याच कागदांनी मला कथेचं घड्याळही दिलं. फेरफार नोंदवताना संबंधितांना नोटीस जाते आणि हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत असते. विक्री झाली, फेरफाराची नोटीस लागली, दौलतकाकांवर चोरीचा आळ आहे म्हणून ते तोंड लपवून बसलेत, आणि हरकतीचे दिवस संपत चाललेत. बाँब नाही, अपहरण नाही, पण प्रत्येक प्रकरणागणिक एक दिवस कमी होतो. आपल्या कथेत असं खऱ्या व्यवहारातलं घड्याळ शोधा: धरणाचं पाणी सोडण्याची तारीख, निकालाचा दिवस, जत्रा, वाडा पाडायला जेसीबी येण्याचा दिवस.

चौथी पायरी: सुगावे

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. सुगाव्याला माझ्या मते दोन अटी आहेत. तो वाचकाच्या डोळ्यांसमोरून गेलेला असला पाहिजे. आणि तो ज्या जगात घडतो त्याच जगातला असला पाहिजे. परदेशी कथांतून उचललेली सिगारची राख आणि दस्ताने वाईत आणून काही होत नाही. आपल्या घरात, भाषेत, पंचांगात इतके सुगावे पडलेत की एका कादंबरीत मावणार नाहीत.

चंद्र घ्या. सदूभाऊंची साक्ष अशी: “साडेसातची वेळ होती. लाइट गेली होती, पण चांदणं टिपूर होतं. दौलत्या गाठोडं घेऊन घाटाच्या पायऱ्या उतरताना मी ह्या डोळ्यांनी बघितला.” पोलीस लिहून घेतात. वाचकही मान डोलावतो. पण त्या दिवशी संकष्टी होती. चार प्रकरणं आधी आपण वैजूच्या आजीला उपाशीपोटी कालनिर्णयातली चंद्रोदयाची वेळ बघताना पाहिलंय. ती पुन्हापुन्हा गच्चीवर जाते, नातीवर चिडते, मोदक झाकून ठेवते. पौर्णिमेनंतर चंद्र रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा उगवतो, आणि संकष्टीला आपल्याकडे तो सहसा साडेआठ ते दहाच्या दरम्यान दिसतो. साडेसातला चांदणं नव्हतंच. वर संकष्टीच्या संध्याकाळी गणपतीच्या घाटावर दर्शनाची वर्दळ असते, तिथे एकट्या सदूभाऊंनाच दौलतकाका दिसले कसे? महिना कोरडा निवडा, पावसाळ्यात ढगांचा आधार घेऊन साक्षीदार सुटेल. आणि लिहिताना त्या वर्षाचं पंचांग समोर ठेवून संकष्टीचा वार तपासाच. मंगळवार आला तर अंगारकी, मग गर्दी आणखी वाढेल.

हा सुगावा मला आवडतो, कारण तो लपवायची गरजच पडत नाही. आजीचा उपास हा प्रेमाचा प्रसंग म्हणून वाचला जातो. सुगावा लपवायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे भावनेचा किंवा हसण्याचा प्रसंग. वाचक तिथे तपास करत नसतो.

निनावी चिठ्ठी हा जुना प्रकार, पण मराठीत तिला वेगळीच धार आहे. ‘मी त्या रात्री तिथे आले होते’ असं लिहिलं की लिहिणारी बाई, ‘आलो होतो’ लिहिलं की पुरुष. ‘मी पाहिलं’, ‘मी ठेवलं’, ‘मला कळलं’ यांत मात्र काहीच उघड होत नाही. चतुर माणूस अख्खी चिठ्ठी अशाच क्रियापदांनी लिहील आणि एका ठिकाणी घसरेल. त्यावर आणखी एक गाठ: कोल्हापूर-सांगलीकडच्या अनेक बायका-मुली सहज ‘मी आलो’ म्हणतात. वैजू ‘आलो’ वाचून पुरुषांची यादी करते, आणि तिच्या वर्गातली कोल्हापूरहून आलेली मुलगी मधल्या सुट्टीत म्हणते, “मी आलोच गं, थांब.” यादी कोलमडते. असा प्रसंग दुसऱ्या भाषेत घडूच शकत नाही.

मोडीचा सुगावा जरा अभ्यास मागतो. विनायकराव खऱ्या कागदाच्या जागी बनावट कागद ठेवतात असं समजा. जुन्या मोडीत आधी ओळ आखून तिच्याखाली सलग लिहीत, शब्द तोडत नसत. इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ सहसा पाळत नसत. बनावट कागद लिहिणारा आजच्या शाळेत शिकलेला, त्याचा हात आपोआप शब्दांत अंतर सोडतो आणि वेलांटी शुद्ध काढतो. वैजूला तो कागद ‘वाचायला फार सोपा’ जातो, आणि ती खूश होते. दोन प्रकरणांनंतर तिला कळतं की सोपा गेला हीच गडबड आहे. कालगणनाही तपासा: शकात 78 किंवा 79 मिळवले की इसवी सन येतो, पेशवाईतल्या कागदांवरच्या सुहूर सनात 599 किंवा 600. एकाच कागदावरचे शक आणि सुहूर जुळत नसतील, तर डिटेक्टिव्हला वहीच्या मागच्या पानावर एक बेरीज करावी लागेल. ती बेरीज वाचकालाही करू द्या.

सांकेतिक लिपी हवी असेल तरी आपल्याकडे खरी परंपरा आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. अक्षरांच्या अदलाबदलीवर चालणारी साधी लिपी वैजू आणि समीर स्वतःसाठी बनवू शकतात. तिची किल्ली दुसऱ्या प्रकरणात देऊन ठेवा, आणि शेवटचा निरोप उलगडून न सांगता छापा.

आजच्या मुलांच्या हातात फोन असतो, आणि फोन टाळलेली कादंबरी खोटी वाटते. पण फोनचे नियम पाळा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आपल्यासोबत वेळ-जागेची मूळ माहिती नेत नाही. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती टिकते. दुकानातल्या सीसीटीव्हीचं घड्याळ कित्येकदा पुढे-मागे असतं, आणि काही दिवसांनी जुन्या चित्रणावर नवं चढतं. मोबाईलचं लोकेशन काढणं पोलिसांचं काम, मित्राच्या ‘हॅकर’ भावाचं नाही. त्यापेक्षा एसटीचं तिकीट बरं. मशीनवर छापलेलं, तारीख-वेळ असलेलं, शर्टाच्या खिशात राहून गेलेलं, आणि धुण्यातून अर्धवट वाचलेलं.

संख्येबद्दल: चाळीस हजार शब्दांच्या कादंबरीला चार-पाच खरे सुगावे आणि तीन खोटे पुष्कळ झाले. प्रत्येक खरा सुगावा दोनदा दिसू द्या, एकदा नुसता, एकदा वेगळ्या संदर्भात. तिसऱ्यांदा तो फक्त उलगड्यात यावा.

पाचवी पायरी: संशयित

चार पुरेत. प्रत्येकाला काहीतरी लपवायचं असू द्या, पण ते चोरीच असण्याची गरज नाही. तहसील कचेरीतला कारकून नोकरी बदलण्याच्या खटपटीत आहे. मोडीच्या सरांची नजर अधू होत चाललीय आणि त्यांना ते कबूल करायचं नाही. ही गुपितं उघडी पडतात तेव्हा वैजूला वाईट वाटलं पाहिजे. दुसऱ्याच्या आयुष्यात डोकावण्याची किंमत तिला कळणं, हा या प्रकारच्या कादंबरीचा गाभा आहे असं मी मानतो.

खरा गुन्हेगार पहिल्या चतुर्थांशात वाचकाला भेटलेला आणि थोडा आवडलेला हवा. विनायकराव वैजूला पहिल्याच भेटीत मोडीचं पुस्तक आणून देतात, ते मनापासून.

सहावी पायरी: कायदा चुकवू नका

1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तुमची कथा त्यानंतर घडत असेल तर खुनाला ‘तीनशे दोन’ म्हणणारा नवा फौजदार चालणार नाही. आता ते कलम 103. चोरी 379 वरून 303 वर गेली, फसवणूक 420 वरून 318 वर. जुना हवालदार सवयीने ‘चारशेवीस’ म्हणेल, ते मात्र खरं वाटेल.

एफआयआर कलम 173 खाली नोंदतात, तक्रारदाराला प्रत मोफत मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर चढवले जातात. वैजू तिथून सदूभाऊंच्या जबाबाबद्दलची पहिली माहिती मिळवू शकते, हवालदाराच्या टेबलावरचा कागद चोरून वाचायची गरज नाही. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. म्हणजे दौलतकाका ‘चार दिवस ठाण्यात’ आहेत असं नुसतं लिहून चालणार नाही, मधे न्यायालय आलं पाहिजे.

नवख्यांच्या लिखाणात सर्रास दिसणारा प्रसंग म्हणजे मुलीला साक्षीसाठी ठाण्यात बोलावून दरडावणं. साक्षीदार म्हणून कुठल्याही स्त्रीला, किंवा पंधरा वर्षांखालच्या मुलाला, राहत्या घराबाहेर हजर राहण्याची सक्ती पोलिसांना करता येत नाही. तपास अधिकाऱ्याला वैजूच्या घरी यावं लागेल. हे कथेच्या फायद्याचंच आहे. आई डब्यांच्या पोळ्या अर्धवट टाकून बाहेर येते, आजी चहा पुढे करते, वडील एकदम गप्प होतात, आणि ज्या घराला काही माहीत नव्हतं त्याला सगळं त्याच खोलीत कळतं.

बाल न्याय कायदा 2015 नुसार अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक, आणि गुन्ह्यातल्या बाल साक्षीदाराची ओळख माध्यमांना उघड करता येत नाही. त्यामुळे शेवटी वैजूचा फोटो पेपरात झळकत नाही. बातमीत तिचं नाव नाही आणि वर्गात कुणाला खात्रीने माहीत नाही, हा शेवट सत्कार समारंभापेक्षा कितीतरी जास्त खरा आणि किशोरवयाच्या जवळचा आहे.

सातवी पायरी: आराखडा आणि लिहिणं

बारा ते सोळा वयाच्या वाचकासाठी 35 ते 45 हजार शब्द मला योग्य वाटतात. 28 प्रकरणं, प्रत्येकी सुमारे 1,400 शब्द, म्हणजे एकोणचाळीस हजारांच्या आसपास. सातव्या प्रकरणापर्यंत आळ येऊन दौलतकाका अडकलेले हवेत. चौदाव्यात वैजूचा मोठा अंदाज चुकतो आणि कुणाला तरी त्याची झळ बसते. एकविसाव्यात घरून तपास बंद करायला लावतात. पंचविसाव्यात संकष्टीचा धागा जुळतो. प्रत्येक प्रकरणाचा शेवट दारावरच्या थापेने करू नका. कधी नुसत्या प्रश्नाने, कधी समीरच्या न बोलण्याने थांबा.

पहिला खर्डा सत्याची वही शेजारी ठेवून लिहा, आणि प्रत्येक प्रकरणाच्या खाली दोन ओळी टाका: वाचकाला आता काय माहीत आहे, आणि वैजूला काय माहीत आहे. वैजूला वाचकापेक्षा जास्त माहीत असेल तर कुठेतरी तुम्ही अन्याय करताय.

संवादांत नाती पाळा. वैजू आजीला ‘अगं आजी’ म्हणेल, दौलतकाकांना ‘काका, तुम्ही’, सरांना ‘सर’. हवालदार तिला ‘बाळा’ म्हणेल आणि तिला ते आवडणार नाही. समीरचे वडील मालकापुढे ‘जी’ म्हणतील. साताऱ्याकडची बोली सगळ्यांच्या तोंडी सारखी नको: दौलतकाका ‘काय करतीयास पोरी’ म्हणतील, पुण्याहून आलेले विनायकराव म्हणणार नाहीत, आणि वैजू घरी एक व शाळेत दुसरी भाषा बोलेल. किशोरांची भाषा म्हणून दर वाक्यात ‘ब्रो’ कोंबू नका. दोन वर्षांत ती शिळी होते.

आठवी पायरी: उलगडा

सगळ्यांना एका खोलीत जमवून वैजूने भाषण ठोकणं टाळा. पंधरा वर्षांच्या मुलीचं ऐकून मोठी माणसं अर्धा तास शांत बसत नाहीत. तिला पुरावा अशा मोठ्या माणसापर्यंत पोचवावा लागेल, ज्याचं ऐकलं जातं, आणि त्याआधी त्या माणसाला पटवावं लागेल. आमच्या कथेत ती माणूस आजी आहे. सदूभाऊ दारात आलेले असताना आजी त्यांना सहज विचारते, “त्या संकष्टीला तुम्ही उपास कधी सोडलात हो?” तेही दर महिन्याला उपास धरतात. ते तोंड उघडतात, आणि मग त्यांना कळतं आपण काय बोललो. वैजू बाजूला उभी आहे. प्रश्न तिने तयार केलाय, विचारलाय आजीने.

धोका लिहायचाच असेल तर तो खरा असू द्या आणि मूर्खपणातून येऊ देऊ नका. रात्री एकटीने गुन्हेगाराला गाठायला जाणारी मुलगी मला आवडत नाही. तुमच्या वाचकांत तिचं अनुकरण करू शकणारी मुलं आहेत. वैजूने निघण्यापूर्वी समीरला कुठे चालली ते सांगावं, आणि समीरने ते वेळेवर मोठ्यांना सांगावं की नाही या पेचात अडकावं.

नववी पायरी: वाचून घ्या, मग पाठवा

खर्डा झाला की तो दोन-तीन आठवडे बाजूला ठेवा. मग अकरा ते सोळा वयाच्या पाच-सहा मुलांना द्या, आपल्या घरातली सोडून. पंचविसाव्या प्रकरणाच्या आधी एक कोरा कागद घाला आणि त्यांना लिहायला सांगा: कुणी केलं, कशावरून वाटतं. सगळ्यांनी बरोबर ओळखलं तर विनायकराव फार आधी उघडे पडलेत. कुणालाच कळलं नाही तर सुगावे खोल गाडले गेलेत. एक-दोघांनी बरोबर कारणासह ओळखलं, तर तुमचं काम जमलंय. कंटाळा कुठे आला हे विचारू नका, सभ्य मुलं सांगत नाहीत. पानं कुठे दुमडली आहेत आणि वाचन कुठल्या दिवशी थांबलं, ते बघा.

लांब कादंबरीआधी हात बसवायचा असेल तर वैजूची एक छोटी कथा, दीड-दोन हजार शब्दांची, एकाच सुगाव्याची, लिहून बघा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून मुलांसाठी निघतंय, आणि दिवाळी अंकांचीही किशोर विभागांची परंपरा आहे. दिवाळीसाठी लिहायचं तर उन्हाळ्यातच संपादकांशी बोला. प्रकाशकाकडे कादंबरी पाठवताना संपूर्ण हस्तलिखितासोबत एका पानात पूर्ण कथानक द्या, गुन्हेगाराच्या नावासकट. तिथे रहस्य राखून ठेवलं तर संपादकाला सुगाव्यांची बांधणी तपासता येत नाही. मोडी किंवा सांकेतिक लिपीची पानं असतील तर ती वेगळ्या फाइलमध्ये, चित्र म्हणून पाठवा, कारण अक्षरजुळणीत त्यांचा एक ठिपका हलला तरी मुलांना उत्तर सापडणार नाही.